अहो, वेल-सेटल्ड!

अहो,

रविवारी आपल्या घरी बैठक झाली. आपल्या लेकीच्या, स्नेहलच्या लग्नाची. तुमच्याशिवाय. तुमच्या खुर्चीवर कोण बसलं म्हणाल, तर कुणीच नाही. बापूभाऊजी बसायला गेले आणि मधेच उठून सोफ्यावर सरकले. त्या बैठकीत मी चार माणसांसमोर जे बोलले ते तुम्हाला सांगायचंय. आवडेल की नाही, ठाऊक नाही. पण मी काही सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "सुमन, शेवट आधी सांगू नको. सुरुवातीपासून सांग." तर सुरुवातीपासून सांगते.

तेराव्याचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी मी दापोडीला जाऊन टायपिंगचं दुकान उघडलं. बापूभाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढी काय घाई? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत, घरात बसून मी भिंतींशी बोलायला लागलेय. शटर कुरकुरलं. त्याला तेल घालायचं काम तुमचं होतं. सुट्टीच्या दिवशी, आणि तेही मी चार वेळा ओरडल्यावर.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे कासारवाडीचे एक काका. मुलाचा बायोडाटा करायचा होता. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, वरच ठळक टाका, मुलगा वेल-सेटल्ड आहे." हा शब्द मी लग्नाच्या आधीपासून या दुकानात टाइप करतेय. डोळे मिटून करते. पण त्या दिवशी बोटं 'वेल'वर आली आणि थांबली ती थांबलीच. काकांना वाटलं मशीन हँग झालं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं, बाहेर येऊन उरलेला शब्द पुरा केला आणि प्रिंट दिली. ते गेल्यावर मात्र टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या टेलरनं चहा पाठवला. भला माणूस.

किती छळलंय त्या शब्दावरून मी तुम्हाला! नळ गळायला लागला, "अहो वेल-सेटल्ड, बघा जरा." पंखा बंद पडला, "अहो वेल-सेटल्ड, चढा स्टुलावर." बाजारात मागं राहिलात तर भर पिंपरी कॅम्पात मी त्याच नावानं हाक मारायचे, आणि तुम्ही मान खाली घालून, हसू दाबत यायचात. तुमचं खरं नाव मी घेतलं ते फक्त उखाण्यात. आता श्रद्धांजलीच्या कार्डावर ते मीच टाइप केलं, आडनावासकट. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. लोक काना-मात्रेच्या चुका करतात.

शब्द बाकी मोठा चमत्कारिक. मी टायपिंगला लागले तेव्हा आपल्या भागात वेल-सेटल्ड म्हणजे कंपनीत पर्मनंट, बास. पर्मनंट म्हटलं की मुलीचा बाप पुढचं काही विचारायचाच नाही. मग पर्मनंटला स्वतःचा फ्लॅट जोडला गेला, कर्जाचा असला तरी चालेल. मग चारचाकी आली. मग हिंजवडीची आयटी आली. हल्ली तर मुलीकडचे हळूच विचारतात, "वेल-सेटल्ड आहे, ते ठीक. पण आईवडील गावी राहतात ना?" म्हणजे आता आईबाप लांब असणं हेही त्याच शब्दात बसायला लागलं. आणि मुलीच्या बायोडाटात हा शब्द मी आजवर एकदाही टाइप केलेला नाही. मुलीनं सेटल व्हायचं ते दुसऱ्याच्या घरी. मी असं काही बोलले की तुम्ही डोळे मिचकावून विचारायचात, "तू दुकान चालवायलीस का समाजसुधारणा?"

आपल्या घरात हा शब्द शिरला तो तुमच्या मामांमुळे. तुम्ही लातूरकडून इकडं पोट भरायला आलेले, मामांच्या ओळखीनं आमच्या दापोडीच्या खोलीत मला बघायला आलात. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत फिटर, पक्के पर्मनंट. मूळचे चाकणकडच्या खेड्यातले, बोलणं शेवटपर्यंत गावचंच. पोह्यांच्या बशा हातात गेल्या आणि मामांनी छाती काढून सांगितलं, "मुलगा एकदम वेल-सेटल्ड आहे पाहुणे. कंपनीत पर्मनंट." मी पडद्याआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तुम्ही तोंडापर्यंत नेलेला चमचा बशीत ठेवलात.

"मामा प्रेमानं सांगायलेत," तुम्ही म्हणालात. "पण मी पर्मनंट नाही. टेंपररी आहे. सध्या तर ब्रेकवर आहे."

ब्रेक म्हणजे काय, हे आमच्या दापोडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंपनी सहा-सात महिने राबवून घेणार आणि मग घरी पाठवणार, म्हणजे कुणी पर्मनंट होण्याचा हक्क सांगायला नको. पुढं बोलावलं तर बोलावलं, नाहीतर दुसरं गेट धरा. मामांना ठसका लागला. मी तांब्या घेऊन पुढं झाले, ते पाणी खरं तर तुमच्यासाठी आणलं होतं. जिना उतरताना मामा तुम्हाला म्हणाले म्हणे, "हात दाखवून अवलक्षण केलंस गाढवा."

तुम्ही गेल्यावर दादा बराच वेळ पान लावत बसले. मग म्हणाले, "पोरगं खरं बोललं, व्हय. पण खऱ्यावर चूल पेटत न्हाई." आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चूल मी पेटवीन." एवढं धाडस कुठून आलं कुणास ठाऊक. टायपिंगची नोकरी होती, त्याचा माज असेल. किंवा तुम्ही चमचा खाली ठेवलात ना, तो ठेवण्याचा आवाजच मला आवडला असेल. काही म्हणा, मी त्या आवाजावर भाळले.

आणि मग लग्नानंतरचा पहिला ब्रेक. आपली खोली तेव्हा दादांच्याच चाळीत. गेट पास जमा करून, सेफ्टी शूज पिशवीत घालून तुम्ही घरी आलात. चेहरा असा, की कुणी मारलंय. मी पिठलं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दाढी करून, कंपनीचा ड्रेस घालून, डब्याची पिशवी घेऊन साहेब तयार! म्हटलं, "अहो, कुठं?" तर म्हणे, "कंपनीत." आणि मग आवाज खाली आणून, "चाळीतल्यांना काय सांगू सुमन? दादांचा जावई घरी बसलाय म्हणतील. तुझ्या बापाची मान खाली जाईल." ज्या माणसानं माझ्या बापाच्या तोंडावर खरं सांगितलं, तोच माणूस आता शेजारच्या मावशींना दिसावं म्हणून बंद गेटाकडे निघाला होता. मला हसावं की रडावं कळेना.

"मग दिवसभर करणार काय?"

"बसतो कुठंतरी."

तुम्ही गेलात आणि माझ्या मनात एकच यायला लागलं. कुठल्या तरी बाकावर एकटाच बसून हा माणूस डबा खाणार. त्या काळी दुकान दुपारी बारा ते चार बंद असायचं. मी दुसऱ्या दिवशी डब्यात चार भाकऱ्या जास्त घातल्या आणि सांगितलं, "पिंपरी स्टेशनच्या टोकाच्या बाकावर थांबा. मी येते." आधी तुम्ही निघायचात, मग दुपारी मी, भाजीला जाते म्हणून. लग्नाचे नवरा-बायको आणि पळून जाणाऱ्यांसारखे भेटतोय! मंगळसूत्र घालून लपतछपत नवऱ्याला भेटायला जाणारी बाई अख्ख्या दापोडीत मी एकटीच असेन.

अहो, ते दिवस. मला आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय, बाकी सगळं आजूबाजूचं आहे. डबा खाऊन आपण पिंपरी कॅम्पातल्या गल्ल्या फिरायचो, साड्या बघायचो, घ्यायचं काही नाही, फार तर केसांच्या पिना. निगडीच्या टेकडीवर जायचो. बसमध्ये शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन तसेच परत यायचो, आणि कंडक्टर बघतोय म्हणून तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवून उगाच म्हणायचात, "इथंच होतं वाटतं त्यांचं घर." तुम्ही किती बोलायचात तेव्हा! गावची विहीर, तिच्यात पडलेली म्हैस, तुमचे तिरसट मास्तर, आईनं वाळत घातलेल्या सांडग्यांवर तुम्ही मारलेला हात. माझ्याशी एवढं कुणी कधी बोललं नव्हतं. आमच्या घरात बाप शिफ्टवरून आला की झोपायचा, आणि उठला की शिफ्टला जायचा. बसमध्ये तुमची मान माझ्या खांद्यावर कलायची. इतर वेळी तुमच्या ड्रेसला मशीनच्या तेलाचा वास असायचा, ब्रेकमध्ये नुसता साबणाचा. मी तो वास घेत बसायचे आणि वाटायचं, हा स्टॉप येऊच नये.

शिफ्ट सुटायच्या वेळेला तुम्ही पुढं, डबा हलवत, दमल्याचा आव आणत. मागून मी, हातात कोथिंबिरीची जुडी. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "जा गं लवकर, दमून आलेत तुझे." मी पदरात तोंड लपवायचे. त्यांना वाटायचं लाजले.

आणि दादांची ती दुपार आठवते? आपण बाकावर बसलेलो, डबा उघडा, आणि समोरून पहिली शिफ्ट सुटलेले दादा प्लॅटफॉर्मवर येताना दिसले. तुम्ही उठून उभे राहिलात, हातातली भाकरी लपवावी की ठेवावी ते तुम्हाला सुचेना. दादा सरळ चालत आले, बाकावर आपल्या दोघांच्या मध्ये टेकले, डब्यातली अर्धी भाकरी ठेच्याला लावून खाल्ली आणि म्हणाले, "ठेचा झ्याक हाय. मीठ जरा कमी पडलंय." मग लोकल आली तसे हात झटकून उठले आणि तिच्या पुढच्या डब्याकडे निघून गेले, आपल्याबरोबर लोकलमध्ये बसलेसुद्धा नाहीत. घरी कधी विषय नाही. आईलाही बोलले नाहीत. नंतर तुम्ही कितीतरी दिवस मला विचारत होतात, "दादांना राग आलता का गं?" अहो, राग आलेला माणूस मिठाचं कशाला काढेल?

तुम्ही मात्र ते सगळं आजारपणासारखं आठवायचात. "त्या दिवसांत," म्हणायचात आणि आवाज खाली जायचा. स्नेहलही अशाच एका ब्रेकमध्ये झाली. दवाखान्यात नर्सनं विचारलं, वडील काय करतात, आणि तुम्ही म्हणालात, "सध्या काही नाही." ते वाक्य तुम्ही आयुष्यभर उराशी धरून बसलात. "लेकरू जन्मलं तेव्हा बाप काही करत नव्हता सुमन." अहो, लेकरू जन्मलं तेव्हा बाप दारात उभा होता! शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा पर्मनंट, तो सेकंड शिफ्ट करून मिठाई घेऊन आला तोवर पोराचे नाक-डोळे सगळ्या नातेवाइकांनी वाटून घेतले होते. स्नेहलला पहिल्यांदा अंगावर घेतलं ते तुम्ही. तुमच्या त्या 'काही नाही'चं मला काय वाटतं, ते मी कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ही मन राखायला बोलतेय.

मग चाकणच्या कंपनीत लागलात आणि एक दिवस खरंच पर्मनंट झालात. तो दिवस कसा विसरेन? पेढ्यांचा बॉक्स घेऊन दुकानात आलात, दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यामागे रांगेत स्टुलावर बसलात, आणि नंबर आल्यावर गंभीर तोंड करून म्हणालात, "मॅडम, बायोडाटा करायचाय."

"मुलगा काय करतो?"

"पर्मनंट. वेल-सेटल्ड लिहा, ठळक."

"अपेक्षा?"

"बायको हीच पाहिजे."

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. स्नेहल तेव्हा शाळेत जायला लागली होती, आणि हा बाप लग्नाला उभा! मी खरोखर टाइप करून दिलं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद आता पिवळा पडलाय, परवा तुमचे कपडे आवरताना बघितला. कपडे तसेच ठेवलेत. आवरवले नाहीत.

पर्मनंटच्या भाकरीला मी नावं ठेवणार नाही. चिखलीचं घर त्याच नोकरीचं, स्नेहलचा डिप्लोमा तिचाच. दादांच्या शेवटच्या आजारपणात पोटच्या पोरानं करावं तसं केलंत, ते त्याच जोरावर. मी देवासमोर हात जोडले ते खोटे नव्हते. पण तुम्ही सेटल झालात आणि मला दिसेनासे झालात हो. फर्स्ट, सेकंड, थर्ड, वर ओव्हरटाइम. मी दुकानातून यावं आणि तुमची बस कोपऱ्यावर उभी असावी. घरात आपली भेट डब्यावर व्हायची, मी भरलेला आणि तुम्ही रिकामा आणलेला. मग ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतले फोन सुरू झाले.

"काय करायलीस?"

"टाइप करतेय."

"जेवलीस का?"

"जेवले."

"बरं."

झालं, संपला फोन. कधी गिऱ्हाईक असलं की मी वैतागायचे, "काय करणार, नाचतेय!" आता त्या वेळेला मी फोन टेबलावर उताणा ठेवते आणि त्याच्याकडे बघत जेवते. स्नेहल मुद्दाम त्याच वेळेला फोन करते. मी उचलते, तिच्याशी बोलते. पण 'करायलीस' म्हणत नाही ती. तिची भाषा इकडची.

एकदा ताथवड्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर दुकानात आले होते, भाचीसाठी स्थळांचे कागद घेऊन. मी त्यांना विचारलं, सर, या वेल-सेटल्डचा खरा अर्थ काय हो? ते हसले. म्हणाले, "ताई, पगार-फ्लॅट आपण चिकटवला. मूळ अर्थ साधा आहे, नीट रुळलेला. एखादं कुटुंब नव्या गावात आलं, तिथलं पाणी मानवलं, शेजारी आपले झाले, की ते वेल-सेटल्ड. झोपडीत असलं तरी." मी ते तुम्हाला संध्याकाळी सांगितलं. तुम्ही बूट घालत होतात. हसून म्हणालात, "मग त्या हिशोबानं आपण कधी झालो गं?" माझ्या अगदी ओठांवर होतं, पिंपरी स्टेशनच्या बाकावर. तेवढ्यात खाली कंपनीच्या बसनं हॉर्न दिला आणि तुम्ही जिना उतरलात. उत्तर तसंच राहिलं.

आणि मग स्नेहलनं किरणचं सांगितलं. ती ज्या कंपनीत क्वालिटीला आहे, तिथंच कंत्राटावर असलेला मुलगा. शांत, हसरा, बोलण्यात आदब. तुम्ही ऐकून घेतलंत, ताटातला भात कालवत राहिलात, आणि म्हणालात, "पोरगं वाईट नाही. पण वेल-सेटल्ड नाही."

अहो, थट्टेशिवाय तो शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. माझं डोकंच फिरलं. स्नेहल उठून खोलीत गेली आणि आपली जुंपली. मी म्हटलं, "तुम्ही कोण होतात? विसरलात?" तुम्ही म्हणालात, "विसरलो नाही म्हणूनच म्हणायलो. ब्रेकवर घरी बसलेल्या माणसाला काय वाटतं, ते तुला कळंना गेलंय सुमन. आपण भोगलं, बास. लेकराच्या नशिबी तेच कशाला?"

मी ताट उचलता उचलता बोलले, "आणि ब्रेकवर असलेल्या माणसाच्या बायकोला काय वाटायचं, ते विचारलंत कधी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. असं, की पहिल्यांदाच काहीतरी लक्षात आलंय. विचारणार होतात, मला दिसत होतं. मग घड्याळाकडे नजर गेली, सकाळी फर्स्ट शिफ्ट. "उद्या संध्याकाळी बोलू," म्हणालात. सकाळी मी डबा दिला, तुम्ही दारातून मागं वळून म्हणालात, "संध्याकाळी सांग हं." मी रागातच होते, नुसती मान हलवली.

संध्याकाळ झालीच नाही. दुपारी फोन आला, तुमच्या नंबरवरून, आणि आवाज दुसऱ्याचा.

तर ते मी आता सांगते, ऐका. बायकोला काय वाटायचं? ब्रेक संपला आणि कंपनीनं परत बोलावलं, की तुम्ही उड्या मारायचात, आणि मी देवापुढं साखर ठेवून मोरीत जाऊन रडायचे. आनंदाचे अश्रू वगैरे काही नाही. तुम्ही परत जाणार म्हणून. माझं माहेरपण, माझा हनिमून, जे काय म्हणाल ते, तो बाक आणि ती लाल बस होती. तुम्ही ज्याची आयुष्यभर लाज बाळगलीत, त्याच्यावर मी आयुष्यभर जगले.

दहाव्याला घाटावरच विषय निघाला. तुम्हाला ठाऊकच आहे आपल्या लोकांचं, घरात माणूस गेलं की उपवर पोरीचं वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तुमचा पिंड अजून पानावर, आणि तुमचे एक चुलते मला सांगतायत, "रावेतला एक स्थळ आहे, वेल-सेटल्ड." स्नेहल माझ्याकडे बघत होती. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो थंडगार पडला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ज्या गोष्टीवर आपण दोघं भांडत होतो, तिचा निकाल आता मला एकटीला लावायचाय. तुम्ही नाही म्हणून गेलेले, आणि मला हो म्हणायचं होतं. गेलेल्या माणसाशी भांडण जिंकण्यात काय मजा, सांगा.

बापूभाऊजींना सगळं सांगितलं, किरण सध्या ब्रेकवर आहे तेही. भाऊ तुमचाच, आढेवेढे घेतले पण आडवे आले नाहीत. फक्त म्हणाले, "वहिनी, पोरीच्या मनात आहे तर होऊ दे. पण चार माणसांत सांगताना वेल-सेटल्ड म्हणू. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या भावाचं नाव आहे समाजात."

महिन्याचं झाल्यावर रविवारी किरण, त्याचे आईवडील आणि आपल्याकडचे चुलते बसले. पोहे मीच केले. तुम्हाला आवडतात तसे, शेंगदाणे जास्त. बशा फिरल्या, आणि बापूभाऊजींनी घसा साफ करून चुलत्यांना सांगितलं, "मुलगा वेल-सेटल्ड आहे बरं का. चाकणला, मोठ्या कंपनीत."

किरण चमचा हातात धरून बसला होता. त्यानं मान वर केली, स्नेहलकडे बघितलं, त्याचे ओठ हलले. बोलला असता की नसता, मला ठाऊक नाही. मी वाटच बघितली नाही. त्या वयाच्या पोरानं चार परक्या माणसांत ते एकट्यानं का सांगावं? तुम्ही सांगितलंत, तेव्हा तुमच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं,

"भाऊजी प्रेमानं सांगतायत. पण मुलगा पर्मनंट नाही. टेंपररी आहे. सध्या तर ब्रेकवर आहे. आणि आम्हाला पसंत आहे."

चुलत्यांचा घास हातात राहिला. किरणच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. स्नेहल उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, कुणी मागितलेला नसताना.

'मला' म्हणायला हवं होतं, मी 'आम्हाला' म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून तेच निघालं. भिंतीवर तुमचा फोटो माझ्या बरोबर मागे होता. वळून बघायचा धीर झाला नाही.

सगळे गेल्यावर बशा विसळताना स्नेहलनं विचारलं, "आई, बाबांना चाललं असतं का गं?" मी तिला बाकाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. दादांच्या ठेच्यापर्यंत सगळी. ती ओल्या हातांनी ऐकत उभी राहिली, नळ तसाच वाहतोय. शेवटी म्हटलं, "ब्रेक आला की डबा दोघांचा भरत जा, एवढं लक्षात ठेव." ती हसली, रडली, आणि परत विचारलं, "पण बाबांना?"

"माहीत नाही बाळा," म्हटलं. खरंच माहीत नाही मला. माझं ऐकून तुम्ही विरघळला असतात, की 'तुला कळंना गेलंय' म्हणून पुन्हा भांडला असतात, हे मला आता कोण सांगणार?

तुम्हाला न विचारता मी तुमच्या वतीनं हो म्हटलंय, अहो वेल-सेटल्ड. पटलं नसेल तर फोटोत गप्प बसू नका. संध्याकाळी बोलू म्हणाला होतात ना? दिवा लावून मी रोज दाराकडे तोंड करून बसते. या, आणि भांडा माझ्याशी.